जंगलात वाट चुकल्यावर बसून राहावं की चालत सुटावं?

पायपीट (शनिवार, रात्री ९:५०)

गेल्या महिन्यात मी जंगलात हरवलो होतो. साडेआठ तास. लिहायला एवढा उशीर झाला, कारण आधी घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून माझी जी हजामत केली तिच्यातून सावरायचं होतं.

प्रसंग असा. आम्ही तिघं होतो. दुपारी अडीचच्या सुमाराला दोघं पुढे गेले, मी बुटाची नाडी बांधायला मागे थांबलो. उठून चालायला लागलो तो नेमका एका ढोरवाटेवर. इतकी मळलेली की संशयच येऊ नये. वीस मिनिटांनी ती एका झुडपात शिरली आणि संपली. मागे फिरलो तर समोर तीन वाटा. येताना एकच होती!

मग धावलो. उतारावर धावलो, कारण उतार सोपा. पाण्याची बाटली कुठे पडली ते कळलंही नाही. फोनला रेंज नव्हती म्हणून दर दोन मिनिटांनी काढून बघत होतो, पाच वाजेपर्यंत बॅटरी संपली. रात्री अकराला शोधपथकाला सापडलो तेव्हा मूळ वाटेपासून सरळ रेषेत जेमतेम चारशे मीटरवर होतो. एका घळीत, गुडघा सोललेला, थंडीने कुडकुडत.

पाणी पाजून झाल्यावर पथकाचे प्रमुख एवढंच म्हणाले, "लक्षात आलं तिथेच बसला असतास तर आठ वाजता घरी निघाला असतास." माझा मित्र म्हणतो, बसून कोण वाचलंय? ती विमानातून पडलेली मुलगी अकरा दिवस चालली म्हणून वाचली.

तर प्रश्न सरळ आहे. बसावं की चालावं? अनुभव असलेल्यांनी लिहा. उपदेश नको, त्याचा साठा भरपूर आहे.

टवाळपंथी

घरी बसावं. मी आजवर एकदाही जंगलात हरवलेलो नाही.

भटकभवानी (शनिवार, रात्री १०:२०)

टवाळ, तू घरातही हरवतोस, चष्मा डोक्यावर ठेवून शोधत असतोस.

पायपीट, मी बसलेली आहे. शहाणपणाने नाही, गुडघा दुखत होता म्हणून. धुकं उतरलं, पुढच्याची पाठ दिसेनाशी झाली आणि पाच मिनिटांत मी एकटी. आधी मीही पंधरा-वीस पावलं पळत गेले. हरवलोय हे डोक्याच्या आधी पायांना कळतं बहुतेक. मग गुडघ्यात कळ आली आणि खाली बसले.

बसल्यावर काय करायचं ते सुचेना, म्हणून पाठपिशवी उपडी केली आणि एकेक वस्तू मोजायला घेतली. अर्धी बाटली पाणी, एक रेनकोट, खाऊची दोन पाकिटं, नेलकटर (का? देव जाणे). मोजता मोजता श्वास जागेवर आला. त्यानंतर डोकं चालायला लागलं. कुठून आले, शेवटची ओळखीची खूण कोणती, अंधार पडायला किती वेळ आहे. तीन तासांनी आमचेच लोक परत आले. मी शेवटच्या वळणापासून शंभर पावलांवर होते.

नंतर कुणीतरी सांगितलं की याला इंग्रजीत चार अक्षरांचं सूत्रच आहे, स्टॉप. थांबा, विचार करा, आजूबाजूला बघा, मग बेत ठरवा. मी ते नेलकटरमुळे शिकले.

होकायंत्र (शनिवार, रात्री ११:०५)

"बसा" हे सरसकट पटत नाही. वाट सोडून पाचच मिनिटं झाली असतील आणि परतीचा रस्ता खरोखर आठवत असेल तर मागे जाणं योग्यच आहे. पण आहात तिथे झाडाला काहीतरी भडक रंगाचं बांधून. मग एका दिशेला पन्नास पावलं, परत खुणेपाशी, मग दुसऱ्या दिशेला पन्नास. खूण दिसेनाशी झाली की मागे फिरायचं.

फोनबद्दल एक गैरसमज दिसतो. जीपीएसला रेंज लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवलेला असेल तर फोन विमान मोडवर टाकूनही तुमचा ठिपका दिसतो. दाट पानांखाली ठिपका थोडा नाचतो, पण दिसतो. बॅटरी खातं ते रेंज शोधत राहणं. पायपीट यांची बॅटरी तशीच गेली.

आणि स्वतःच्या दिशाज्ञानावर भरवसा ठेवू नका. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना अंगावर जीपीएस लावून मोठ्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. ऊन होतं त्या दिवशीचे लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशीचे सगळे गोल फिरले, काहींनी तर आपलीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. डोळे बांधले तर काही जण जेमतेम वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरायला लागले. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो, हा समजही टिकला नाही. एकच माणूस कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे.

निवृत्त_मास्तर

होकायंत्र, यालाच आम्ही चकवा म्हणत होतो. आमचे आजोबा सांगायचे, चकवा लागला की तो माणसाला रात्रभर त्याच त्या झाडापाशी फिरवून आणतो. त्यावर त्यांचा उतारा एकच, जिथे असाल तिथे बैठक मारायची आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. लहानपणी भुताच्या भीतीने ऐकलं, आता जर्मनांच्या भीतीने ऐकतो.

टवाळपंथी

मास्तर, चकव्याला जीपीएस लावायला हवा होता.

शोधकाठी (रविवार, सकाळी ७:१५)

पंधरा वर्षं एका स्वयंसेवी शोधपथकात आहे. (पायपीट यांना काढणारं पथक आमचं नव्हे.) पलीकडच्या बाजूने हे कसं दिसतं ते लिहितो, म्हणजे प्रमुख तसं का म्हणाले ते कळेल.

आम्हाला पहिल्यांदा हवी असते ती शेवटची पक्की जागा. तुमच्या बाबतीत नाडी बांधली ती. तिथून माणूस तासाला तीन किलोमीटर चालला असं धरा. एका तासाने तो जिथे असू शकतो ते वर्तुळ साधारण २८ चौरस किलोमीटरचं होतं. दोन तासांनी ११३. वेळ दुप्पट, क्षेत्र चौपट. प्रत्यक्षात कडे, नद्या, दाट झाडोरा यांमुळे ते कमी होतं, पण हिशेबाची तऱ्हा हीच. तुम्ही चालत असता तेव्हा आमचं काम असं फुगत असतं.

मग त्याचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात माणूस असण्याची शक्यता किती, आणि असलाच तर आम्हाला दिसण्याची शक्यता किती, या दोन्हींचा गुणाकार करून आधी कुठे जायचं ते ठरतं. एक तुकडा पिंजून झाला की त्याची शक्यता खाली येते आणि आम्ही पुढे सरकतो. अशा वेळी हरवलेला माणूस चालत चालत त्या पिंजून झालेल्या तुकड्यात शिरला तर? आता तिथे बराच काळ कुणी येणार नाही. हे वारंवार होतं आणि आम्हाला ते रात्री झोपू देत नाही.

आता बसण्याबद्दल. "बसा" एवढंच सांगणं अपुरं आहे. अमेरिकेत अपालाचियन ट्रेल या लांबलचक पायवाटेवर २०१३ च्या जुलैमध्ये एक ६६ वर्षांची अनुभवी स्त्री लघवीला म्हणून वाट सोडून आत गेली आणि तिला वाट परत सापडली नाही. रेंज मिळावी म्हणून ती उंचावर चढली, नवऱ्याला पाठवलेले मेसेज गेलेच नाहीत. मग तंबू ठोकून ती एका जागी राहिली, तीन आठवड्यांहून जास्त जगली, डायरी लिहिली. मोठा शोध झाला, कुत्रीही आणली. तंबू सापडला २०१५ च्या ऑक्टोबरात, ट्रेलपासून तीन किलोमीटरच्या आत. जागा दाट झाडांखाली होती, वरून काही दिसणं कठीण. ती बसली होती हो. पण दिसत नव्हती.

म्हणून बसायचं ते दिसेल आणि ऐकू येईल अशा जागी. जवळात जवळचं मोकळं रान. भडक कपडा जमिनीवर पसरून ठेवायचा, अंगावरचा हिरवा-खाकी झाकायचा. हेलिकॉप्टरला पानांच्या छताखालचं काही दिसत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरासुद्धा पानांच्या आरपार बघत नाही, सिनेमात काहीही दाखवोत. धूर मात्र पानांतून वर येतो.

आणि ओढ्याच्या काठावर बसू नका. पाणी हवं तर जाऊन भरून आणा आणि पन्नास-शंभर पावलं लांब येऊन बसा. ओढ्याच्या खळखळाटात आमच्या हाका तुम्हाला ऐकू येत नाहीत, तुमच्या आम्हाला येत नाहीत. आम्ही ठरावीक अंतराने शिट्ट्या मारतो आणि मग सगळे चिडीचूप उभे राहून ऐकतो.

पायपीट, एक विचारतो. प्रमुख "आठला" म्हणाले त्याअर्थी पथक आठच्या सुमाराला तुमच्या फाट्यावर असणार. शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत का?

पायपीट (रविवार, सकाळी ८:४०)

शोधकाठी, अतिशय आभार. २८ आणि ११३ चा हिशेब मित्राला पाठवलाय, तो गप्प आहे.

ओढा होता ना जवळ. तुम्ही म्हणता तेच.

गोगलगाय

वाचनखूण साठवली. मी कायम गटात सगळ्यात मागे असते, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच आहे. चालणाऱ्या ताया-दादांनो, "थांबून मागच्याची वाट बघणं" नावाचा एक प्रकार असतो. मी धापा टाकत पोचले की तुमची विश्रांती संपलेली असते आणि तुम्ही उठून चालायला लागता.

भटकभवानी

गोगल, +१. आमच्याकडे आता सगळ्यात शेवटी एक कसलेला माणूस ठेवतो, त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. नाडी बांधायला थांबलेल्याचासुद्धा तो पहारेकरी. आणि प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. बहुतेक हरवाहरवी फाट्यावरच होते.

डोंगरसोंड (रविवार, दुपारी १२:३०)

बसा बसा चाललंय, पण ज्युलियान कोप्के का विसरता? २४ डिसेंबर १९७१, पेरू. विमान विजेच्या वादळात फुटलं. ९२ जणांपैकी ही एकटी वाचली, वय १७. खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर खाली आली. गळपट्टीचं हाड मोडलं, चष्मा गेला, एकच सँडल पायात. खायला गोळ्या-चॉकलेटची पिशवी, तीही लवकर संपली. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या. तरी ओढ्याच्या कडेने, पाण्यातून चालत, पोहत अकराव्या दिवशी माणसांत पोचली. वडिलांनी सांगितलेलं, ओढा धर, तो नदीला जातो, नदीवर माणसं असतात. बसली असती तर?

सांजवेळ (रविवार, दुपारी १:१०)

डोंगरसोंड, तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते आणि ती त्याच जंगलातल्या त्यांच्या संशोधन केंद्रावर राहिलेली होती. काठीने पाण्याचा तळ चाचपत चालायचं, कारण वाळूत काटेरी शेपटीचे मासे असतात, हे तिला ठाऊक होतं. तिथला आवाज न आवाज तिच्या ओळखीचा. मी तिथे पडले असते तर पहिल्या बेडकाच्या आवाजाला जीव सोडला असता. शिवाय शोधणारी विमानं तिला ऐकू येत होती, पण छताखालून ती त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तिने ते ओळखून निर्णय घेतला.

आणि ओढा धरून गेलेले जे धबधब्यावर अडकले, ते अनुभव लिहायला येत नाहीत. सपाट अॅमेझॉनमध्ये ओढा नदीला नेतो. डोंगराळ जंगलात तो आधी कड्यावर नेतो. पायपीटही उतारावर धावून शेवटी घळीतच सापडले ना.

दुसरं उदाहरण घ्या. १९८१, बोलिव्हिया, योसी गिन्सबर्ग. तराफा फुटल्यावर तीन आठवडे एकटा, पाय सडलेले. तो चालला, खरं आहे. पण वाचला कसा? आधी बाहेर पडलेला त्याचा मित्र स्थानिक नावाड्याला घेऊन नदीत उलटा वर शोधत आला म्हणून. त्यांचेच आणखी दोन साथीदार वेगळ्या वाटेने चालत निघाले होते. ते आजवर सापडलेले नाहीत.

डोंगरसोंड

दोन साथीदारांचं माहीत नव्हतं. बरं, माझा मुद्दा एवढाच की कुणी शोधायला येणारच नसेल तर बसून काय करायचं?

शोधकाठी

हा खरा प्रश्न आहे. उत्तर जंगलात नाही, निघायच्या आधी घरी ठरतं. कुठली वाट, किती जण, आणि किती वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर तू कुणाला फोन करायचा, हे एका माणसाला लिहून दिलंय का? दिलं असेल तर बसा, येतील. दिलं नसेल तर डोंगरसोंड म्हणतात ते सोसावं लागतं. वाटेत बदल केलात तर तोही कळवा, नाहीतर आम्ही भलत्याच डोंगरावर शिट्ट्या मारत बसतो. झालंय असं.

नाडीपरीक्षा (रविवार, सायंकाळी ५:४५)

डॉक्टर या नात्याने थोडं. लोकांना वाटतं जंगलात वाघ-साप मारतात किंवा भूक मारते. भुकेला सगळ्यात शेवटी घाबरा. निरोगी माणूस अन्नाविना आठवडे काढतो. ओळख पटलेली नसेल ते फळ, पान, कंद, अळंबी तोंडात घालू नका. अर्ध्या पोटाच्या भुकेपायी जुलाब लावून घेतलेत तर अंगातलं पाणी जाईल.

पहिल्या रात्रीचा शत्रू म्हणजे ओलं अंग आणि वारा. उष्ण प्रदेशातही. थंडीने मरायला बर्फ लागत नाही, पंधरा अंशांत भिजून रात्रभर वाऱ्यात बसलात तरी पुरे. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की गडबड सुरू. आधी हातातून वस्तू सुटतात, मग जीभ जड होते, मग पाऊल अडखळतं. कुडकुडणं थांबलं तर बरं वाटतंय असं समजू नका, ते वाईट लक्षण. शेवटच्या टप्प्यात काही जणांना उकडायला लागतं आणि ते कपडे काढून टाकतात.

म्हणून अंधार पडायच्या आधी कोरड्या पानांचा जाड थर अंगाखाली घ्या. जमीन हवेपेक्षा जास्त ऊब ओढते. कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी, तोंडापुरतं भोक पाडून अंगात घातली की वारा-पाऊस दोन्ही अडतात. बसण्याआधी वर बघा. वाळलेल्या फांद्या आणि मेलेली झाडं रात्री वाऱ्याने पडतात, दाट जंगलातला हा मोठा धोका आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ओले मोजे रात्री काढून पाय कोरडे करा, नाहीतर चार दिवसांत पायांची सालटी निघतील.

पाणी गढूळ आहे म्हणून पिऊ नये का, असं हमखास विचारतात. उकळता किंवा गाळता आलं तर उत्तम. नाहीच आलं आणि घसा कोरडा पडलाय, तर प्या. जंतूंनी पोट बिघडलं तर त्यावर नंतर इलाज आहे. पाण्यावाचून मेलेल्यावर नाही. लघवी पिऊ नका, त्यातलं मीठ तहान वाढवतं. बाटलीत दोन घोट राखून चक्कर येऊन पडलेली माणसं मी तपासली आहेत. पाणी बाटलीत नव्हे, पोटात राखा.

तिरपागडा

अवांतर: वर शोधकाठींनी लिहिलंय त्या बाई लघवीला गेल्या आणि हरवल्या. मी बॅग वाटेवर ठेवून जातो, म्हणजे परतीची खूण राहते. बरोबर ना?

होकायंत्र

चूक. परत वाट सापडली नाही तर पाणी, रेनकोट, शिट्टी, सगळं बॅगेत आणि बॅग वाटेवर. वाटेवर ठेवायची ती टोपी किंवा रुमाल. बॅग पाठीवर. आणि जाताना पावलं मोजायची.

तिरपागडा

बॅग पाठीवर घेऊन?? कधी करून बघितलंय का हो?

टवाळपंथी

या उपचर्चेसाठी वेगळा धागा काढावा ही नम्र विनंती.

गोगलगाय (सोमवार, सकाळी १०:००)

मुलांना काय शिकवावं? माझी सात वर्षांची आहे. मी मागे असते आणि ती सगळ्यांच्या पुढे.

भटकभवानी

झाडाला मिठी मारायला. खरंच. १९८१ साली कॅलिफोर्नियात एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवून दगावला. त्या शोधात असलेल्यांनी नंतर मुलांसाठी याच नावाचा उपक्रम सुरू केला. हरवलास तर एक झाड पकड, त्याच्याशी बोल, त्याला सोडू नको. झाड सोबत असलं की मूल भटकत नाही. गळ्यात शिट्टी, खिशात प्लास्टिक पिशवी. आणि निघण्याआधी घडी घातलेल्या टॉवेलवर अॅल्युमिनियमचा कागद ठेवून त्यावर मुलाचा बूट दाबून ठसा घ्यायचा. हजार ठशांमधून कुठला आपल्या मुलाचा, ते शोधणाऱ्याला लगेच कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं, तिला सांग की हरवलीस तर कुणी रागावणार नाही. मुलं ओरडा बसेल म्हणून लपून बसतात. अनोळखी माणूस हाक मारतोय म्हणूनही ओ देत नाहीत.

सांजवेळ

कोलंबियातली ती चार भावंडं आठवली. १ मे २०२३ ला विमान पडलं, आई गेली, मोठी मुलगी १३ वर्षांची, धाकटं तान्हं वर्षाचंही नव्हतं. ४० दिवसांनी, ९ जूनला सापडली. सैनिक आणि तिथले आदिवासी मिळून शोधत होते. हेलिकॉप्टरला ध्वनिवर्धक लावून आजीच्या आवाजातला निरोप त्यांच्या भाषेत ऐकवला होता, हलू नका म्हणून. शोधणारे एक-दोनदा त्यांच्यापासून २० ते ५० मीटरवरून निघून गेले होते असं नंतर लष्करानेच सांगितलं. विमानातलं कसाव्याचं पीठ त्या मुलीने सोबत घेतलं होतं आणि जंगलातली कुठली फळं चालतात हे तिला घरातूनच माहीत होतं. नाडीपरीक्षा म्हणतात ती "ओळख" हीच.

होकायंत्र (सोमवार, दुपारी ३:२०)

फोनवर थोडं राहिलं होतं. कॉल लागत नसेल तर मेसेज टाकून बघा, त्याला एक क्षणभराची रेंजही पुरते. ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर अनेक देशांत चालतो आणि तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागू शकतो. २०२२ पासून काही फोनमधून थेट उपग्रहाला मदतीचा संदेश जातो, पण त्याला मोकळं आकाश लागतं. ४०६ मेगाहर्ट्झवर संकटसंदेश देणारी छोटी यंत्रं वेगळी मिळतात. काही देशांत उपग्रह यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, जिथे जाणार तिथला नियम आधी बघा.

शिट्टी मात्र सगळीकडे चालते. मिनिटाला सहा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा, हा आल्प्समधून आलेला जुना संकेत. उत्तर मिनिटाला तीन. अमेरिकेत संकटालाच तीन. संख्या विसरलात तरी चालेल, ठरावीक अंतराने वाजवा. पक्षी मोजून शिट्ट्या मारत नाहीत.

शोधकाठी

आणि फोन चालू असेल तर कृपा करून उचला. २०२१ मध्ये कोलोरॅडोत माउंट एल्बर्टवर एक जण २४ तास भरकटला होता. पथक त्याला फोन करत होतं. नंबर ओळखीचा नाही म्हणून त्याने उचललाच नाही!

टवाळपंथी

त्याला वाटलं असेल क्रेडिट कार्डवाले.

त्याच साली तुर्कस्तानात एक जण दारू पिऊन जंगलात गेला, घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली, शोध सुरू झाला. वाटेत हा शोधपथकाला भेटला आणि त्यांच्यासोबत शोधायला लागला. बराच वेळाने कुणीतरी नावाने हाक मारली तेव्हा म्हणाला, अहो, मी इथे आहे! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

निवृत्त_मास्तर

हसलो खरा. पण त्याला दोष कसा देणार? आपण हरवलोय हे मुळात कुणाला वाटतं? आपल्याला वाटतं वाट हरवलीय.

पायपीट (सोमवार, रात्री ११:३०)

मास्तरांचा प्रतिसाद वाचून दोनदा लिहिलं आणि खोडलं. आता टाकतोच.

शोधकाठी, काल तुम्हाला जे उत्तर दिलं ते खरं नव्हतं. ओढा जवळ होता तो अकराला, सापडलो त्या घळीत. आठ वाजता मी वर होतो, एका खडकावर. तिथे पाण्याचा आवाज अजिबात नव्हता. मला शिट्ट्या ऐकू आल्या. दिवेही दिसले, सात-आठ असतील. एकाने माझं नाव घेऊन हाक मारली.

मी ओ दिली नाही.

आमच्या तिघांत रस्ता मला माहीत होता. दोघांना मी घेऊन गेलो होतो. एवढे लोक दिवे लावून माझ्यासाठी आलेत हे बघून पोटात गोळा आला आणि वाटलं, खाली उतरून आपणच पायथ्याला पोचावं आणि म्हणावं, अरे मी दुसऱ्या वाटेने आलो, तुम्ही कशाला त्रास घेतला. वाक्यसुद्धा तयार केलं होतं. म्हणून दिव्यांकडे पाठ करून उतरायला लागलो. दहा मिनिटांनी घसरलो, गुडघा फुटला, खाली ओढ्यापाशी जाऊन पडलो. मग जिवाच्या आकांताने ओरडलो. तोवर ते पुढे निघून गेले होते.

प्रमुखांना हे सांगितलेलं नाही. मित्रांनाही नाही. ते अजून "बसायला हवं होतंस" म्हणतात आणि मी मान डोलावतो.

भटकभवानी

बरं केलंत लिहिलंत. मीही त्या तीन तासांतला पहिला एक तास हाक मारली नव्हती. लोक काय म्हणतील म्हणून. आजवर गुडघ्याचंच सांगत आलेय.

शोधकाठी (मंगळवार, सकाळी ६:५०)

पायपीट, त्या प्रमुखांना कळवा. रागावतील कदाचित. पण त्यांच्या वहीत तो खडक "आवाज दिला, प्रतिसाद नाही" असा लिहिलेला असणार आणि पुढच्या वेळी कुणी हरवलं की त्या वहीवरून ते ठरवणार आहेत की त्या खडकावरून हाक कुठवर पोचते. चुकीची नोंद राहायला नको.

बाकी, ओ न देणारे तुम्ही पहिले नाही. आम्हाला दरवर्षी एखादा भेटतो. म्हणून आम्ही आता हाकेत नुसतं नाव घेत नाही, "कुणी रागावलेलं नाही, गरम चहा आहे" असंही ओरडतो. हसू येतं लोकांना, पण दोनदा त्याला ओ मिळाली आहे.

पायपीट

आजच फोन करतो.

डोंगरसोंड (बुधवार, रात्री ८:१५)

केलात का फोन?

पायपीट

केला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, खडकाची नेमकी जागा दाखवायला रविवारी ये. जातोय. या वेळी घरी कागदावर सगळं लिहून ठेवलंय, वाट, वेळ, नंबर. शिट्टीही घेतली. काल रात्री घरात वाजवून बघितली तर वरचे, खालचे आणि समोरचे, तिन्ही शेजारी दारात.

टवाळपंथी

म्हणजे वाजते.